विश्लेषण : घर चाकांवर, मग बँकेला पत्ता कोणता द्यायचा?

अमेरिकेत घर विकून किंवा भाड्याची जागा सोडून आरव्हीत, म्हणजे राहण्याची सोय असलेल्या गाडीत, बाराही महिने राहणारा मोठा वर्ग आहे. पैसे पाठवणे, बिले भरणे, धनादेश जमा करणे ही कामे आता मोबाइलवर होतात. तरीही या मंडळींचे बँक खाते एका जुन्याच प्रश्नापाशी अडते : राहता कुठे? सतत मुक्काम बदलणारे लोक या प्रश्नाचे उत्तर कसे देतात, कायदा त्यांना कोणती मुभा देतो आणि ती बँकेच्या काउंटरवर अनेकदा का मिळत नाही, याचा हा आढावा.

आरव्हीत कायमचे राहणारे लोक कोण?

आरव्ही हे ‘रिक्रिएशनल व्हेइकल’चे लघुरूप. बसएवढ्या मोटरहोमपासून पिकअप ट्रकमागे ओढल्या जाणाऱ्या ट्रेलरपर्यंत अनेक गाड्या त्यात मोडतात. अशा गाडीत वर्षभर राहणाऱ्यांना तिकडे ‘फुल-टायमर’ म्हणतात. त्यांचे ढोबळमानाने तीन गट पडतात. पहिला निवृत्तांचा. हिवाळ्यात ॲरिझोना, फ्लोरिडासारख्या उबदार राज्यांत आणि उन्हाळ्यात उत्तरेकडे, असा त्यांचा फेरा असतो. दुसरा गट करोनाकाळानंतर वाढला. लॅपटॉपवर कुठूनही काम करू शकणारे हे नोकरदार. तिसरा गट मात्र हौसेने रस्त्यावर आलेला नाही. घरभाडे परवडेना म्हणून गाडीत राहू लागलेले आणि हंगामी कामांमागे फिरणारे हे लोक. जेसिका ब्रूडर यांच्या २०१७ मधील ‘नोमॅडलँड’ या पुस्तकातून आणि त्यावरच्या चित्रपटातून हा तिसरा गट जगासमोर आला. त्या चित्रपटाला २०२१ मध्ये सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे ऑस्कर मिळाले.

यापैकी अनेक जण संघराज्य सरकारच्या मोकळ्या जमिनींवर मुक्काम करतात. तिथे बहुतेक ठिकाणी एका जागी सलग १४ दिवसांहून अधिक राहता येत नाही. म्हणजे मनात असले तरी त्या जागेला ‘पत्ता’ म्हणता येत नाही.

बँकेला पत्ता कशासाठी लागतो?

११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अमेरिकेत ‘पॅट्रियट ॲक्ट’ लागू झाला. त्याच्या कलम ३२६ नुसार २००३ मध्ये ग्राहकाची ओळख पटवण्याचे नियम आले. आपल्याकडच्या केवायसीचाच हा प्रकार. खाते उघडताना बँकेने चार गोष्टी घ्यायच्याच असतात : नाव, जन्मतारीख, पत्ता आणि ओळख क्रमांक. अमेरिकी नागरिकांच्या बाबतीत हा क्रमांक बहुधा सोशल सिक्युरिटीचा असतो. पत्ता मात्र निवासाचा किंवा व्यवसायाच्या जागेचा हवा. टपाल कार्यालयातल्या पेटीचा, म्हणजे पोस्ट बॉक्सचा क्रमांक तेवढ्यासाठी पुरत नाही.

याच नियमात एक मुभाही आहे आणि ती फारशी कोणाला ठाऊक नसते. ज्याच्याकडे असा पत्ताच नाही त्याला जवळच्या नातेवाइकाचा किंवा ज्याच्यामार्फत संपर्क होऊ शकेल अशा दुसऱ्या व्यक्तीचा पत्ता देता येतो. सैन्यात असलेल्यांसाठी लष्करी टपालाचा क्रमांकही चालतो. म्हणजे स्थिर घर नसलेल्या माणसाचा विचार कायदा करणाऱ्यांनी केला होता. पण नियम बँकेला परवानगी देतो, सक्ती करत नाही. प्रत्यक्षात अर्जावर ‘निवासाचा पत्ता’ एवढाच रकाना असतो आणि काउंटरवरचा कर्मचारी संगणकावर दिसते तेवढेच भरतो. मुभा नियमात आहे, पण अर्जात तिला जागा नाही.

यातली विसंगती अशी की, अमेरिकेचे करखाते आरव्हीला घर मानते. झोपण्याची, स्वयंपाकाची आणि शौचालयाची सोय असेल तर त्या गाडीवरच्या तारण कर्जाच्या व्याजावर, इतर अटी पूर्ण करणाऱ्याला, गृहकर्जाप्रमाणे वजावट मागता येते. तीच गाडी बँकेत पत्ता म्हणून मात्र सांगता येत नाही.

मग हे लोक पत्ता कुठून आणतात?

त्यासाठी टपाल स्वीकारून पुढे पाठवणाऱ्या खासगी संस्था आहेत. त्या ग्राहकाला खऱ्या रस्त्यावरचा, खऱ्या इमारतीचा पत्ता आणि एक पेटी क्रमांक देतात. आलेल्या पाकिटांचा फोटो ग्राहकाला पाठवतात, सांगितल्यास पाकीट उघडून आतला कागद स्कॅन करतात आणि तो जिथे असेल तिथे टपाल रवाना करतात. ही सेवा घेताना ग्राहकाला टपाल खात्याचा १५८३ क्रमांकाचा अर्ज भरून ओळख पटवावी लागते. फुल-टायमरांची जुनी संघटना ‘एस्केपीज’ १९७८ मध्ये सुरू झाली. तिची टेक्सासमधील लिव्हिंग्स्टन या गावातून चालणारी टपाल सेवा या क्षेत्रात परिचित आहे.

अडचण अशी की, अशा पत्त्यांची नोंद टपाल खात्याच्या माहितीसाठ्यात वेगळी केलेली असते. ‘हा व्यावसायिक टपाल केंद्राचा पत्ता आहे’ अशी खूण तिथे असते आणि पत्ता तपासणारी बँकांची संगणकप्रणाली ती खूण वाचते. म्हणून वर्षानुवर्षे सुरळीत चाललेल्या खात्याचा पत्ता बदलायला गेल्यावर अर्ज फेटाळला जातो किंवा ‘प्रत्यक्ष राहण्याचा पत्ता द्या’ असा निरोप येतो. अनेक जण त्यावर दोन पत्त्यांचा तोडगा काढतात. निवासाच्या रकान्यात मुलाचा, बहिणीचा किंवा मित्राचा पत्ता त्यांच्या संमतीने आणि बँकेला तसे स्पष्ट सांगून देतात, तर पत्रव्यवहारासाठी टपाल सेवेचा पत्ता लिहितात. सोडलेल्या घराचा पत्ता तसाच ठेवणे सोपे वाटते, पण ते धोक्याचे असते. नवे कार्ड, पिन, कराचे कागद परक्याच्या दारात पडतात. कर्जासाठी बँकेला जाणूनबुजून खोटी माहिती देणे तर फेडरल गुन्हाच आहे.

साउथ डकोटा, टेक्सास आणि फ्लोरिडाच का?

बँकेच्या आधी प्रश्न येतो तो डोमिसाइलचा, म्हणजे अधिवासाचा. गाडीची नोंदणी, वाहन परवाना, विमा, मतदान आणि कर यांसाठी अमेरिकेत कोणत्या तरी एका राज्याचे रहिवासी असावे लागते. फुल-टायमर बहुधा वरील तीनपैकी एक राज्य निवडतात. तिन्ही राज्यांत वैयक्तिक उत्पन्नावर राज्याचा प्राप्तिकर नाही आणि टपाल सेवा देणाऱ्या संस्थाही तिथे रुळलेल्या आहेत.

साउथ डकोटाची पद्धत सर्वांत सुटसुटीत. फिरस्त्या रहिवाशाने राज्यातल्या हॉटेलात किंवा आरव्ही तळावर एक रात्र मुक्काम केल्याची वर्षभराच्या आतली पावती, टपालपेटीच्या पत्त्याचा पुरावा आणि प्रतिज्ञापत्र दिले की परवान्यासाठी त्याचा विचार होतो. मतदानाचे नियम मात्र तिथे २०२३ मध्ये कडक झाले. बँकेच्या दृष्टीने या परवान्याचे मोल मोठे आहे. परवान्यावरचा पत्ता, टपालाचा पत्ता, विम्याचा पत्ता आणि कर विवरणपत्रावरचा पत्ता एकच असेल तर शंकेला जागा उरत नाही. चार कागदांवर चार पत्ते असतील तर खाते तपासणीत अडकण्याची शक्यता वाढते.

म्हणूनच घर सोडण्याआधी करण्याचे पहिले काम म्हणजे बँकेची व्यवस्था लावणे. स्थिर पत्ता हाती असतानाच दोन वेगवेगळ्या बँकांत खाती उघडावीत आणि क्रेडिट कार्डही तेव्हाच घ्यावे. गाडीसाठी कर्ज हवे असेल तर कायम वास्तव्याची गोष्ट आधीच स्पष्ट करावी, कारण अनेक कर्जदार संस्था कायमच्या निवासासाठी वापरल्या जाणाऱ्या आरव्हीला कर्ज देत नाहीत.

शाखेत न जाता धनादेश कसा वटतो?

अमेरिकेत धनादेश अजून हद्दपार झालेला नाही. विम्याचा परतावा, हंगामी कामाची मजुरी, विकलेल्या सामानाचे पैसे अनेकदा धनादेशानेच येतात. पूर्वी धनादेशाचा मूळ कागद एका बँकेतून दुसऱ्या बँकेत, बऱ्याचदा विमानाने जात असे. २००१ च्या हल्ल्यानंतर विमाने जमिनीवर थांबली आणि धनादेशांचे गठ्ठे अडकून पडले. त्या अनुभवाने ‘चेक २१’ कायद्याला गती दिली. तो २००३ मध्ये मंजूर झाला आणि ऑक्टोबर २००४ पासून लागू झाला. धनादेशाच्या प्रतिमेवरून तयार केलेल्या प्रतीला त्याने मूळ धनादेशाचा दर्जा दिला.

पुढची पायरी मोबाइलची. सैनिक आणि त्यांच्या कुटुंबांना सेवा देणाऱ्या ‘यूएसएए’ने २००९ मध्ये फोनच्या कॅमेऱ्यातून धनादेश जमा करण्याची सोय आणली. तिच्याकडे शाखांचे जाळे नव्हते आणि ग्राहक जगभर विखुरलेले होते. आरव्हीत राहणाऱ्यांना आज सर्वांत उपयोगी पडणारी ही सोय मुळात सैनिकांच्या गरजेतून रुजली. मात्र अशा जमा रकमेवर बँकांची रोजची आणि महिन्याची मर्यादा असते आणि मोठी रक्कम काही दिवस रोखून धरली जाऊ शकते. मोठा धनादेश येणार असेल तर ही मर्यादा आधीच विचारून ठेवलेली बरी.

रोख रक्कम आणि इंधनाचे काय?

वनखात्याच्या अनेक तळांवर शुल्क घ्यायला माणूस नसतो. तिथे ‘आयर्न रेंजर’ म्हणून ओळखली जाणारी लोखंडी पेटी असते. पाकिटात नोटा किंवा धनादेश घालून ते दानपेटीत टाकावे तसे टाकायचे. उलट काही राष्ट्रीय उद्यानांनी अलीकडे रोख घेणे बंद केले आहे. त्यामुळे सुट्या नोटा, चार-सहा धनादेश आणि कार्ड हे तिन्ही जवळ लागते.

एटीएमचे शुल्क टाळायचे तर बँक कोणत्या मोफत जाळ्यात आहे हे पाहावे लागते. ‘ऑलपॉइंट’सारख्या जाळ्यात ५० हजारांहून अधिक यंत्रे आहेत. क्रेडिट युनियन, म्हणजे आपल्याकडच्या पतसंस्थांसारख्या सभासदांच्या संस्था, यात एक पाऊल पुढे आहेत. सामायिक शाखा योजनेत सामील असलेल्या एका संस्थेचा सभासद दुसऱ्या राज्यातल्या, दुसऱ्याच संस्थेच्या शाखेत पैसे भरू किंवा काढू शकतो.

पेट्रोल पंपावर वेगळेच दोन अडथळे असतात. कार्ड घातले की यंत्र अनेकदा झिप कोड, म्हणजे त्यांचा पिनकोड विचारते. तो उभे आहोत त्या गावाचा द्यायचा नसतो, कार्डाच्या नोंदीतला द्यायचा असतो. दुसरे म्हणजे किती इंधन भरले जाणार हे आधी माहीत नसल्याने पंप काही रक्कम खात्यात रोखून धरतो. व्हिसा आणि मास्टरकार्डने २०२२ मध्ये ही मर्यादा १२५ वरून १७५ डॉलर केली. डेबिट कार्ड वापरले तर खात्यातली तेवढी रक्कम काही तास, कधी त्याहून अधिक काळ वापरता येत नाही. शिल्लक बेताची असेल तर त्याच दिवशीचा दुसरा व्यवहार नाकारला जातो. म्हणून पंपावर क्रेडिट कार्ड वापरण्याचा किंवा आत जाऊन आधी पैसे भरण्याचा सल्ला दिला जातो.

नेटवर्क नसेल तर ओटीपी कसा मिळणार?

डोंगरदऱ्यांतल्या मुक्कामी मोबाइलचा सिग्नल नसणे नेहमीचेच. २०२२ मध्ये ‘स्टारलिंक’ने आरव्हीसाठी उपग्रह इंटरनेट आणल्यावर नेटचा प्रश्न बराच सुटला, पण एसएमएसने येणारा ओटीपी त्यातून आपोआप येत नाही. इंटरनेटवरच्या आभासी क्रमांकावर ओटीपी पाठवायला काही बँका नकार देतात. यावर उपाय तीन. फोनवर वाय-फाय कॉलिंग सुरू ठेवणे, दुसऱ्या कंपनीचे सिम जवळ बाळगणे आणि बँकेत सोय असल्यास ओळख पटवणारे ॲप किंवा पासकी वापरणे. ओळख पटवणारे ॲप फोनमध्येच संकेतांक तयार करत असल्याने सिग्नल नसतानाही चालते. तळावरच्या सार्वजनिक वाय-फायपेक्षा स्वतःच्या फोनचे इंटरनेट बँकेच्या कामासाठी अधिक सुरक्षित.

कार्ड हरवले किंवा खात्यातून परस्पर पैसे गेले तर?

इथे पत्त्याचा प्रश्न थेट पैशाचा होतो. अमेरिकी नियमांनुसार डेबिट कार्ड हरवल्याचे कळल्यापासून कामकाजाच्या २ दिवसांत बँकेला कळवले तर ग्राहकाची जबाबदारी ५० डॉलरपुरती राहते. उशीर झाला तर ती ५०० डॉलरपर्यंत जाते. खात्याच्या विवरणपत्रात दिसणारा अनधिकृत व्यवहार, ते पत्रक पाठवल्यापासून ६० दिवसांत कळवला नाही, तर त्या मुदतीनंतर होणाऱ्या नुकसानीला मर्यादाच नाही. क्रेडिट कार्डावर मात्र ही जबाबदारी ५० डॉलरपुरतीच असते.

यात ‘पाठवल्यापासून’ हा शब्द महत्त्वाचा. विवरणपत्र टेक्सासच्या पेटीत पडले आणि ग्राहकाने ते दीड महिन्याने माँटानात उघडले, तर ६० पैकी बहुतेक दिवस आधीच संपलेले असतात. त्यामुळे फुल-टायमरांसाठी कागदी विवरणपत्र बंद करून ई-विवरणपत्र घेणे आणि प्रत्येक व्यवहाराची सूचना फोनवर सुरू ठेवणे ही निव्वळ सोय नाही, तो कायदेशीर बचाव आहे. नवे कार्ड यायलाही दुप्पट वेळ लागतो : आधी पेटीपर्यंत, मग तिथून मुक्कामापर्यंत. दुसऱ्या बँकेचे कार्ड पाकिटात न ठेवता गाडीत वेगळ्या जागी ठेवण्याचे कारण हेच.

फक्त ॲपवर चालणारी ‘बँक’ पुरेशी आहे का?

शाखा नसलेली ॲप्स फिरस्त्यांना जवळची वाटतात. पण त्यातली अनेक ॲप्स स्वतः बँक नसतात. ती ग्राहकांचे पैसे एखाद्या बँकेत ठेवतात आणि हिशेब तिसरीच कंपनी सांभाळते. अशा मधल्या कंपन्यांपैकी ‘सिनॅप्स’ने एप्रिल २०२४ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. मे महिन्यात एक लाखाहून अधिक ग्राहकांचे पैसे अडकले. नोंदी जुळेनात आणि ६.५ ते ९.६ कोटी डॉलरची तफावत असल्याचे न्यायालयाने नेमलेल्या विश्वस्तांनी सांगितले. अमेरिकेत एफडीआयसीचा ठेव विमा प्रत्येक बँकेत, खात्याच्या प्रत्येक प्रकारात, एका ठेवीदारामागे अडीच लाख डॉलरपर्यंत आहे. पण तो बँक बुडाली तर मिळतो, मधली कंपनी बुडाली तर नाही. ॲप खर्चापुरते ठेवावे आणि मुख्य बचत थेट विमा असलेल्या बँकेत किंवा क्रेडिट युनियनमध्ये ठेवावी, हा त्यातून मिळालेला धडा.

सर्वाधिक फटका कोणाला?

निवृत्त माणसाकडे मुलाचा पत्ता असतो, लॅपटॉपवाल्याकडे टपाल सेवेचे वार्षिक शुल्क भरण्याची ऐपत असते. भाडे न परवडल्याने गाडीत आलेल्याकडे अनेकदा दोन्ही नसते. बँकेची पत्रे परत येऊ लागली की खात्यावर निर्बंध येऊ शकतात. काही वर्षे व्यवहार झाला नाही आणि ग्राहकाचा ठावठिकाणाही लागला नाही, तर रक्कम राज्य सरकारकडे जाते. ती दावा करून परत मिळते, पण त्यासाठी पुन्हा ओळख आणि पत्ता सिद्ध करावा लागतो. खाते नसलेल्याला मजुरीचा धनादेश वटवून देणाऱ्या दुकानात जावे लागते आणि तिथे प्रत्येक वेळी शुल्क कापले जाते.

३० सप्टेंबर २०२५ पासून अमेरिकी सरकारने, मोजके अपवाद वगळता, कागदी धनादेश देणे थांबवले आहे. निवृत्तिवेतनाचे पैसे आता खात्यात किंवा सरकारी प्रीपेड कार्डावरच जमा होतात. म्हणजे खाते नसणे पूर्वीपेक्षा महाग झाले आहे. नातेवाईक किंवा संपर्क व्यक्तीचा पत्ता चालतो, ही २००३ च्या नियमातली मुभा बँकांच्या अर्जात दिसू लागली तर यातल्या अनेकांची अडचण नवा कायदा न करताही दूर होऊ शकते. तोवर खाते उघडताना शाखा व्यवस्थापकाकडे या मुभेचा स्वतःहून उल्लेख करणे एवढेच ग्राहकाच्या हातात आहे.

भारतात काय स्थिती आहे?

महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटन धोरण आणले, पण आपल्याकडे गाडीत कायमचे राहणे अजून विरळ आहे. वर्षातले अनेक महिने घराबाहेर काढणारे मात्र खूप आहेत. ऊसतोडीसाठी बीडहून पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जाणारी कुटुंबे हे त्याचे ठळक उदाहरण. इथे अडचण उलटी आहे. आधारवर गावचा पत्ता कायम असतो, पण माणूस फडावर असतो आणि खाते गावच्या शाखेत.

रिझर्व्ह बँकेच्या नियमांनी यावर काही वाटा ठेवल्या आहेत. आधारच्या साहाय्याने केवायसी करताना सध्याचा पत्ता वेगळा असेल तर तो स्वयंघोषणेने देता येतो. अधिकृत कागदपत्रे नसलेल्याला मर्यादित व्यवहारांचे ‘लघु खाते’ उघडता येते. त्यात शिल्लक ५० हजार रुपयांपेक्षा जास्त ठेवता येत नाही आणि महिन्याला १० हजार रुपयांपर्यंतच रक्कम काढता येते. कमी जोखमीच्या ग्राहकाला केवायसी दर १० वर्षांनी अद्ययावत करावी लागते आणि जून २०२५ मधील दुरुस्तीने त्यासाठी बँक प्रतिनिधींची, म्हणजे गावोगावच्या बँक मित्रांची मदत घेण्यास बँकांना परवानगी मिळाली आहे. कामासाठी गाव सोडण्याआधी खात्याची केवायसी कधी संपते आणि बँकेत नोंदलेला मोबाइल क्रमांक अजून सुरू आहे का, हे तपासून घेणे हिताचे.